हळकुंडाची साथ

“घुगऱ्यात मीठ न्हाई, अन् ह्यांच्या गळ्यात सोनं न्हाई. कसलं बारसं म्हणायचं हे?”

आत्या माझ्या कानात पुटपुटल्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना हळू बोलता येत नाही, म्हणून त्या कानाला तोंड लावून बोलतात आणि मग माझा कान दिवसभर गरम राहतो. शेजारच्या राजक्काच्या नातवाचं बारसं होतं. पाळण्याभोवती बायका दाटीनं बसलेल्या, आम्ही दोघी भिंतीकडेला, मांडीला मांडी लावून.

“राजक्काकडं बघ. अन् ती कोपऱ्यावरची सुलभा. अन् ती पिवळ्या लुगड्यातली. गल्लीत मंगळसूत्रं वाढवायची साथ आलीया काय गं?”

मी मान वर न करता बघितलं. तिघींच्याही गळ्यात हळदीत बुडवलेला दोरा होता आणि दोऱ्याला हळकुंड.

मंगळसूत्र तुटलं तर तुटलं म्हणायचं नाही, वाढवलं म्हणायचं, एवढं आम्हाला चालायला लागायच्या आधीपासून ठाऊक असतं. दुसरं होईतो गळा रिकामा ठेवायचा नाही, हळकुंड बांधायचं. आणि एखादीनं ‘वाढवलंय’ म्हटलं की समोरचीनं पुढं काही विचारायचं नाही. कसं, कुठं, कधी, काही नाही. तिनं मान खाली घालायची, हिनंही घालायची, विषय भाजीवर न्यायचा.

मला मात्र विचारायचा थोडा हक्क होता. गल्लीतल्या बायकांची मंगळसूत्रं मीच ओवून देत होते. मला कुणी शिकवलं नव्हतं. माझं स्वतःचं जुनं उसवून बघत बघत हात बसला होता. तार गेली की बायका मणी आणि वाट्या पदराच्या गाठीत बांधून माझ्याकडं यायच्या, दुपारभर बसायच्या, चहा व्हायचा. त्या दिवसांत गळ्यागळ्यात हळकुंडं दिसत होती, पण माझ्या दारात एकही गाठ आली नव्हती.

पाळणा म्हणून झाल्यावर मी राजक्काला बाजूला घेतलं. “तुमचं द्या की माझ्याकडं. उद्या ओवून देते.”

राजक्का हसली. मी तिला ओळखत असल्यापासून ती अशी कधी हसली नव्हती; तोंड हसलं, डोळे दाराकडं गेले. “आगं, होतंय गं. कशाला घाई. मोठंच करून घ्यायचं म्हणतीया.”

“मोठं?”

“वाढवायचंच तर जरा बरं वाढवावं,” ती म्हणाली आणि घुगऱ्यांचं पातेलं उचलून आत गेली.

आमच्या गावात वर्षातले दहा महिने बायकांचंच राज्य असतं. पुरुष सगळे गलाईच्या धंद्यावर. जुने दागिने वितळवून त्यातलं सोनं शुद्ध करायचं, याला आमच्याकडं गलाई म्हणतात. कुणी सेलमला, कुणी मदुराईला, कुणी थेट आसामात. आमचे हे आणि माझे धाकटे दीर विलासभाऊजी, दोघं सेलमला दुकान चालवायचे. घरी आत्या, मी आणि धाकटी जाऊ प्रणिता. माझी दोन्ही मुलं तेव्हा हॉस्टेलवर होती. प्रणिताची ओवी अंगणवाडीत जायची. आता ती सायकलवरून हायस्कुलात जाते आणि मला मोबाइल शिकवते, यावरून किती वर्षं झाली ते बघा.

बारशाहून घरी आलो तर प्रणिता दारातच होती. ती बारशाला आली नव्हती, डोकं दुखतंय म्हणाली होती. पदर गळ्याभोवती घट्ट लपेटलेला, उन्हाळ्यात.

“थंडी वाजतीया व्हय गं?” आत्यांनी विचारलं.

“नाही आत्या. घसा बसलाय जरा.”

आत्यांनी माझ्याकडं बघितलं. मी आत्यांकडं बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दळण आणायला निघाले. आमच्या गल्लीत दुपारी दारं उघडी असतात. कुणी निवडत बसलेलं, कुणी लेकराचं डोकं बघत. त्या दिवशी एकेक दार लोटलेलं. आणि राजक्काच्या घरावरून जाताना आतून एका बाईचा आवाज आला. गोड, स्वच्छ, पुस्तकातला वाटावा असा. “माझ्या लक्ष्मींनो, आज आपण किती वाढवलं?” मी पुढं गेले. सुलभाच्या दारातून तीच बाई बोलली, तेच वाक्य. आणखी दोन घरं सोडून पुन्हा तीच. गल्लीत चिटपाखरू नव्हतं, आणि एकच बाई सगळ्या घरांतून बोलत होती.

मी गिरणीत न जाता डबा तसाच घेऊन परत फिरले. घरात आले तेव्हा ती बाई आमच्या माजघरातही आली होती.

“कोण गं ही?”

प्रणितानं मोबाइल उलटा ठेवला. मग सुलटा केला. “मीरा मॅडम. सोनपावली परिवाराच्या. घरबसल्या काम असतं अक्का. हॉटेलांचे फोटो येतात, आपण त्यांना स्टार द्यायचे.”

“हॉटेलात न जाता?”

“हो.”

“न जेवता?”

“अक्का, तुम्ही ना. ते कंपन्यांचं असतं. जाहिरातीचं.”

“आणि न जेवता चांगलं म्हटल्याबद्दल पैसे कोण देतं?”

“देतात. पहिल्या आठवड्यात दिले मला. ओवीची सॅंडल कशातनं आणली मी?” तिचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. “मी बी.कॉम. झालेय अक्का. भाकऱ्या थापून थापून माझे हातसुद्धा विसरलेत, मी कधी पेन धरलं होतं. पहिल्यांदा ह्यांना न विचारता काहीतरी विकत घेतलं मी.”

त्या सॅंडलला चालताना लाल दिवा लागायचा आणि ओवी अंधारात मुद्दाम फिरायची. मीच तिला शाबासकी दिली होती.

“मंगळसूत्र कुठाय प्रणिता?”

तिचा हात पदराकडं गेला. “वाढवलंय.”

“आण. ओवून देते.”

तिनं पदर आणखी घट्ट ओढला.

“मणी तरी आण.”

“अक्का, मी खोटं नाही बोलत,” ती म्हणाली. “वाढवलंय म्हणजे... वाढवायलाच दिलंय.”

मग एकेक करून बाहेर आलं. फुकटच्या कामाची पायरी संपली की पुढच्या पायरीला आधी आपण पैसे भरायचे. भरले की मोबाइलवर आपल्या नावापुढं हिरवा आकडा दिसतो आणि तो रोज मोठा होतो. सगळ्यात वरच्या पायरीसाठी ती तालुक्याला सराफाकडं जाऊन मंगळसूत्र देऊन त्याचे पैसे घेऊन आली होती. राजक्काही बरोबर होती. सुलभाला या दोघींनीच सांगितलं होतं. हळकुंडाची युक्ती राजक्काची. एकदा हळकुंड बांधलं की कुणी विचारणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं.

पुरुष परमुलखात लोकांचं सोनं वितळवत होते आणि इकडं त्यांच्या घरातलं वितळत होतं, भट्टीशिवाय.

“आता काढून घे सगळे पैसे,” मी म्हटलं. “पुरे झालं.”

“काढायचेच आहेत. यात्रेला हे येणार, त्याच्या आत.” ती माझ्या जवळ सरकली. “अडकलेत जरा. काढायच्या आधी टॅक्स भरावा लागतो. तेवढा भरला की सगळे सुटतात, राजक्कांचे पण. मॅडम म्हणाल्या, दोन दिवसांचा प्रश्न.” मग तिनं माझ्या गळ्याकडं बघितलं. वर माझ्या डोळ्यांकडं नाही, गळ्याकडंच. “अक्का, तुमचं देता? यात्रेच्या आत परत.”

घरात आलेली पोर. तिचं डोहाळजेवण मी केलेलं, तिच्या बाळंतपणात आठ रात्री जागलेली. आणि मी पदर ओढून गळा झाकला. आपल्याच घरात.

“मला विचार करू दे,” मी म्हटलं.

“विचार करायला वेळ नाही ना. थांबा, तुम्ही मॅडमशीच बोला. म्हणजे तुमची खात्री होईल. त्या आपल्या सांगलीच्याच आहेत.” तिनं फोन लावूनही टाकला. मॅडमचा फोटो आला. कपाळाला मोठं कुंकू, नथ, गळ्यात दोन पदरी मंगळसूत्र. बघितल्यावर नमस्कार करावासा वाटावा अशी बाई.

“नमस्कार मालनताई,” फोन बोलला. माझं नाव तिला ठाऊक होतं. “प्रणिता तुमचं खूप कौतुक करते. तुम्हीच तिच्या आई आहात, असं म्हणते.”

नाही कसं म्हणायचं, मला कधी जमलेलं नाही. भांडीवालीला सुद्धा ‘नको’ म्हणताना मी एक चमचा विकत घेते. प्रणिता माझ्या तोंडाकडं बघत होती. काहीतरी कारण द्यायला हवं होतं आणि सुचलं ते तोंडातून गेलं.

“मॅडम, मी दिलं असतं हो. पण माझं मंगळसूत्र आज सकाळीच वाढवलं. दारात, पाणी भरताना.”

असलं खोटं बोलू नये. बोलता बोलता माझा हात आपोआप गळ्यातल्या वाट्यांवर गेला, धड आहेत ना बघायला.

“अरे वा,” फोन म्हणाला. “अभिनंदन मालनताई. खूप छान. असंच वाढवत राहा.”

मी प्रणिताकडं बघितलं.

आमच्यात कुणी ‘वाढवलंय’ म्हटलं तर ऐकणारीचा जीव चरकतो. वैरीण असली तरी ती ‘अगं बाई’ म्हणते, ‘देवापुढं साखर ठेव’ म्हणते. नथ घातलेली, सांगलीची बाई. पाणी भरताना मंगळसूत्र वाढवलं म्हटल्यावर अभिनंदन.

“ताई? ऐकताय ना?” फोन विचारत राहिला. प्रणितानं तो बंद केला.

“त्यांना वाटलं असेल, तुम्ही परिवारातलं वाढवलं म्हणताय,” ती म्हणाली.

“पाणी भरताना?”

“रेंज नव्हती. नीट ऐकू गेलं नसेल.”

“प्रणिता.”

“अडकलेत फक्त, अक्का. अडकलेत.” तिनं मोबाइल पोटाशी धरला आणि आत गेली. आतून कडी लागली. दिवसाढवळ्या आमच्या घरात कधी कडी लागत नाही.

मी बाहेर उभी राहिले. सेलमला फोन करावा असं दहादा मनात आलं. करून काय सांगणार होते? हे सांगायला जी वाक्यं लागतात त्यांतलं एकही मला कधी म्हणावं लागलं नव्हतं. संध्याकाळी ती बाहेर आली, भाकऱ्या केल्या, ओवीची वेणी घातली. मी वाट बघितली, तिनंच बोलावं म्हणून. ती बोलली नाही. मग मीही नाही.

दोन दिवसांनी गल्लीतला गोड आवाज बंद झाला. एकदम, सगळ्या घरांतून एकाच दुपारी. मोबाइलवरचे हिरवे आकडे होते तिथंच होते. मॅडम मात्र नव्हत्या. राजक्का आमच्या ओट्यावर येऊन बसली.

“गावाला गेल्या असतील मॅडम,” ती म्हणाली. “लग्नसराई हाय.”

“असतील,” प्रणिता म्हणाली.

“इतक्या जणींचं असं अडकवून कोण जाईल? बाईमाणूस हाय ती.”

“हो.”

“तुला काय वाटतं गं मालन?”

दोघी माझ्याकडं बघत होत्या. दोघींच्या गळ्यात हळकुंड. हळद उडून दोरा पांढरा पडत चालला होता.

“येतील,” मी म्हटलं. “लग्नसराईच आहे.”

प्रणिताचं जेवण सुटलं. ती कामं सगळी करायची, पण एखाद्या कामात मधेच थांबायची. चूल पेटवून ज्वाळेकडं बघत राहायची. एकदा विहिरीवर धुणं न्यायचं म्हणाली. आमच्याकडं नळ होता, विहिरीवर धुणं बंद होऊन वर्षं झाली होती. आत्या लसूण सोलत होत्या. त्या उठल्या, तिच्या हातातली बादली घेतली आणि स्वतः नळाखाली लावली. त्या दिवसापासून त्यांनी आपलं अंथरूण प्रणिताच्या खोलीच्या दारात, आडवं टाकायला सुरुवात केली.

“आत्या, इथं का झोपता? पाय लागतो,” प्रणिता म्हणाली.

“आत उकडतंय,” आत्या म्हणाल्या.

तिथं वाराही येत नव्हता. प्रणिताला ते कळलं, मला कळलं, आत्यांनाही कळलं की आम्हाला कळलंय. आत्यांना नेमकं काय आणि किती ठाऊक होतं, मी कधी विचारलं नाही. एकदा फक्त, मी त्यांच्या डोक्याला तेल लावत होते तेव्हा त्या म्हणाल्या, “विलास कवा येतोय?”

“यात्रेच्या आदल्या दिवशी.”

“लवकर यायला पायजे,” त्या म्हणाल्या. जरा वेळानं म्हणाल्या, “न्हाई आला तर बरं.”

विलासभाऊजी आले. आमचे हे दुकान सांभाळायला मागं राहिले होते. यात्रेच्या आदल्या सकाळी दारात गाडी थांबली आणि ओवी सॅंडल वाजवत धावली. भाऊजी हसरे, बोलके. दहा महिन्यांचं बोलणं उंबऱ्यातच सुरू करतात. आत्यांच्या पाया पडले, माझ्या पाया पडले, ओवीला खांद्यावर घेतलं. प्रणिता चहा ठेवायला आत गेली ती बाहेर येईना. राजक्का मात्र आली. तिचा नवरा दुपारच्या गाडीनं येणार होता. आमच्याकडं कसं होतंय ते बघून तिला तिच्या घरचं ठरवायचं होतं. ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली, आत येईना, जाईना.

प्रणिता कपबशी घेऊन आली. भाऊजींनी चहा घेतला आणि तिच्या गळ्याकडं बघून थांबले.

“हे काय?”

“वाढवलंय तिचं,” आत्या पटकन म्हणाल्या.

“कवा?”

“झालं की. काही दिवस झालं.”

“मग वहिनी हाईत की घरात. वहिनी, ओवून न्हाई दिलंसा?”

सगळी माझ्याकडं बघायला लागली. “साखळीच्या जोडाचं काम होतं भाऊजी,” मी म्हटलं. “ते मला जमत नाही.”

ते त्यांना खरं वाटलं. कधीही खोटं न बोलणाऱ्या माणसाचं खोटं किती पटकन खपतं, ते मला त्या दिवशी समजलं.

“एवढंच ना. मी आलोय की आता,” ते म्हणाले. त्यांनी बॅग पुढं ओढली. आतून टॉवेलात गुंडाळलेली फुंकणी काढली, चिमटा काढला. सोनाराचं जुजबी काम त्यांनी सेलमला शिकून घेतलं होतं आणि त्याचा त्यांना मोठा अभिमान होता. “एक दिवा लाव ओवी. आईचं मंगळसूत्र जोडून देतो. उद्या पालखीला गळ्यात पायजे का नको? आण गं तुकडे.”

त्यांनी तळहात पुढं केला.

प्रणिता हलली नाही.

“सकाळी सकाळी कशाला रे,” आत्या म्हणाल्या. “आंघोळ कर आधी.”

“आधी हे. पाच मिनिटांचं काम हाय.”

“आत्ताच आलाईस, च्या तरी पी निवांत,” दारातून राजक्का म्हणाली. तिचा आवाज फाटला.

“पितो की. काकी, तुमचंबी वाढवलंय?” भाऊजींनी आता तिच्याकडं नीट बघितलं. “घेऊन या. तुमचंबी जोडतो. आज सगळ्या गल्लीचं जोडतो.”

ते हसले. बाकी कुणी हसलं नाही. हसू त्यांच्या तोंडावर जरा वेळ राहिलं, मग त्याला कुठं जावं कळेना. हात मात्र तसाच पुढं होता. त्यांनी आत्यांकडं बघितलं, आत्या जमिनीकडं. माझ्याकडं बघितलं. ओवीनं दिवा लावून आणला आणि त्यांच्यासमोर ठेवला.

“कुठं ठेवलंय गं तू?” त्यांनी प्रणिताला विचारलं, हळू.

“असंल की कुठंतरी,” आत्या म्हणाल्या. “सापडंल.”

“सापडंल,” मीही म्हटलं.

“मॅडम आल्या की—” राजक्का बोलून गेली आणि तिनं तोंडावर पदर धरला.

“कोण मॅडम?”

प्रणिता खाली बसली. नवऱ्याच्या समोर, दिव्याच्या पलीकडं. तिनं गळ्यातलं हळकुंड मुठीत धरलं होतं, पण आवाज स्थिर होता. त्या सगळ्या दिवसांत मी तिचा तसा आवाज ऐकला नव्हता.

“तुकडे नाहीत,” ती म्हणाली. “मी ते विकलं. ते पैसे मोबाइलवर एका बाईला पाठवले. ती बाई कुठली, मला माहीत नाही. बाई आहे की नाही, तेही माहीत नाही.”

भाऊजींचा हात खाली आला.

“अडकलंय रे विलास,” राजक्का दारातून म्हणाली. “अडकलंय फक्त. टॅक्स भरला की—”

प्रणितानं मान वळवली.

“राजक्का, काही अडकलेलं नाही. तुमचं यायचं नाही, माझंही यायचं नाही. आपण फसलोय.”